इकालुइटला जाणारं छोटं विमान: कुणी गेलंय का?

मुलुंडची नीता: लेक कॅनडाच्या अगदी उत्तरेला, नुनावुतमध्ये, इकालुइट गावात नर्स आहे. फेब्रुवारीत मी तिच्याकडे जातेय. ओटावापर्यंत काळजी नाही, पण पुढचे तीन तास छोट्या कंपनीचं विमान. त्यापेक्षा गाडीने नाही का जाता येणार?

पार्लेकर काका: ताई, तिथे रस्ताच जात नाही! जहाजंसुद्धा उन्हाळ्यातच, एरवी समुद्र गोठलेला. मी 2018 मध्ये गेलो होतो. विमानात पुढे सामान, मागे आम्ही. मधल्या भिंतीपलीकडे म्हणे दूध नि डायपर. आपली मालगाडीच, पण कर्मचारी फार प्रेमळ. जाताना वादळामुळे दोन दिवस ओटावात अडकलो, हॉटेलचे पैसे खिशातून गेले. ओटावापर्यंतचं नि पुढचं तिकीट वेगवेगळं काढायचा शहाणपणा माझाच.

नीता: बापरे! मग स्वेटर किती घेऊ?

काका: स्वेटर सोडा, जाड जॅकेट हातात ठेवा, बॅगेत नको. विमानातून उतरून इमारतीपर्यंत चालत जायचं. उणे 31 होतं, नाकातले केस कडक झाले माझे!

ठाण्याची सुमेधा: थालीपीठाची भाजणी नक्की न्या, तिकडे किराणा भयंकर महाग. फक्त कॅनडात उतरल्यावर कस्टम्सला खाण्याचं सामान आहे म्हणून सांगा, लपवू नका.