बांबूला दोष देण्याआधी तो कधी तोडला ते बघा

एकाने लिहिलंय की बांबूला दोन वर्षांत भुंगा लागतो, म्हणून पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या घरांना सरसकट टिनच वापरावं. छपरासाठी टिन मान्य, एका दिवसात चढतं आणि पाऊस अडवतं. पण भिंतीही टिनाच्या केल्या तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात दुपारी आत लेकरू झोपवून दाखवा! आमच्याकडे तापमान ४५ च्या वर जातं. भिंतीला तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) कुड आणि त्यावर माती-शेणाचा लेप हवाच.

भुंग्याचं म्हणाल तर तो बांबूतल्या पिठूळ अंशावर येतो. २०२० च्या ऑगस्टमधल्या वैनगंगेच्या पुरानंतर आम्ही घाईत ओला, कोवळा बांबू तोडून खोपी उभ्या केल्या. उन्हाळ्यापर्यंत आढ्यातून पिवळसर भुकटी थेट जेवणाच्या ताटात पडायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्या काकाजींची खोपी मात्र ठणठणीत. त्यांचा बांबू हिवाळ्यात तोडलेला, तीन वर्षांच्या वरचा, आणि महिनाभर बोडीत (गावच्या छोट्या तळ्यात) दगडाखाली बुडवून ठेवलेला. पाण्यात तो पिठूळ अंश निघून जातो (वास फार येतो, तेवढा सोसावा लागतो). जमल्यास बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवलं तर आणखी टिकतो. डांब, म्हणजे उभे खांब, मानवेल जातीच्या बांबूचे घ्या, तो जवळजवळ भरीव असतो. कटांग जातीचा पोकळ निघतो. आणि डांब मातीत गाडू नका, खाली दगड द्या. पूर आल्यावर हे काहीच जमत नाही, म्हणून ग्रामपंचायतीने भिजवलेला बांबू हिवाळ्यातच रचून ठेवायला हवा.