खात्री झाल्यावर लेन बंद करायची, की लेन बंद करून मग खात्री करायची?

रात्रपाळी

मोठ्या रस्त्यांचं अख्ख्या विभागाचं ट्रॅफिक जिथून सांभाळतात त्या कंट्रोल रूमबद्दल हा धागा काढतोय. बाहेरून येणारा माणूस भिंतभर स्क्रीन बघून हरखतो आणि पहिला प्रश्न विचारतो, कॅमेरे किती आहेत. मला विचाराल तर एकच वेळ मोजा, गाडी चालत्या लेनमध्ये बंद पडली तिथपासून मागच्या गॅन्ट्रीवर (रस्त्यावरची आडवी कमान, तिच्यावर प्रत्येक लेनसाठी दिव्यांचा बोर्ड असतो) त्या लेनवर लाल फुली, म्हणजे लेन बंदची खूण, लागेपर्यंत किती मिनिटं गेली. बाकी सगळं त्याच्यानंतर.

सध्या बहुतेक ठिकाणी क्रम असा आहे की कुठून तरी खबर येते, रस्त्यात पुरलेल्या लूपकडून (वरून गाडी गेली की ओळखणारी तार), रडारकडून, नाहीतर कुणीतरी जाता जाता फोन करतं, मग ऑपरेटर कॅमेरा फिरवून खरंच काही आहे का बघतो, मग लेन बंद करतो, मग पेट्रोलिंगची गाडी, अँब्युलन्स, क्रेन. माझं म्हणणं एवढंच की खबर आली की फुली आधी लावा आणि कॅमेऱ्याने खात्री नंतर करा. खोटी निघाली तर दोन मिनिटांत काढता येते. उलटी चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही.

इंग्लंडमध्ये मोटरवेचा शोल्डर (कडेची, अडचणीत थांबायची पट्टी) काढून तिथे चौथी लेन चालवायला घेतली तेव्हा हे फार वाईट पद्धतीने समोर आलं. जिथे रडार नव्हते तिथे कमी गर्दीच्या वेळी बंद पडलेली गाडी कंट्रोल रूमला कळायलाच सरासरी १७ मिनिटं लागत होती. रात्री एका लेनमधून दर दहा सेकंदांना एक गाडी जाते असं धरलं तरी १७ मिनिटांत शंभर गाड्या होतात, आणि त्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला पुढची उभी गाडी स्वतःच बघून स्वतःच चुकवायची असते. शंभरातल्या एकाचं लक्ष नसलं की संपलं.

सरळरेषा

रात्रपाळी, तुमची कळकळ समजते पण हे धोक्याचं बोलताय. मी डिटेक्शन सिस्टीम बसवायच्या कामात बरीच वर्षं काढलीयेत म्हणून सांगतो, खोट्या अलार्मचा प्रश्न तुम्ही दोन ओळीत उडवून लावलात आणि खरा प्रश्न तोच आहे.

तुम्ही इंग्लंड काढलंत तर तिथलंच पुढचं सांगतो. तिथे उभी गाडी ओळखणाऱ्या रडारसाठी जी अपेक्षा लिहून ठेवली होती ती अशी, उभ्या राहिलेल्या गाड्यांपैकी किमान ८० टक्के ओळखल्या पाहिजेत, २० सेकंदांत कळवलं पाहिजे आणि खोटे अलार्म १५ टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. म्हणजे सिस्टीम अगदी नियमाप्रमाणे चालली तरी दर सहा-सातातला एक अलार्म फुकटचा. आणि २०२२ च्या शेवटी तिथल्या नियामकाने तपासलं तेव्हा ती एवढीही चालत नव्हती. आता प्रत्येक अलार्मला फुली लावा. रोज त्याच रस्त्याने जाणारा माणूस आठवड्यात दोनदा फुली बघून लेन बदलेल, पुढे काहीच नाही हे बघेल, आणि तिसऱ्यांदा बदलणार नाही. त्या तिसऱ्या वेळी तिथे खरंच कुणी टायर बदलत असलं तर?

फुलीचा सगळा जोर ती खरी असण्यात आहे. तिथे २०१९ पासून फुलीखालून गेलं की कॅमेऱ्याने पकडून १०० पौंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे ३ पॉइंट द्यायला सुरुवात झाली. दंड लावायचा आणि फुली निम्म्या वेळा अंदाजाने मारायची, हे लोक का ऐकून घेतील.

मालवाहू

मी जड गाडी चालवतो, कंट्रोल रूम आतून बघितलेली नाही. पण एक सांगतो, शंभरच्या स्पीडला कार सेकंदाला २८ मीटर जाते. तुमच्या २० सेकंदात अर्धा किलोमीटर झाला. आमची भरलेली गाडी स्पीडला कमी असली तरी कारच्या अंतरात थांबत नाही, आणि समोरची गाडी उभी आहे का हळू चाललीय हे रात्री लांबून कळत नाही, दोन लाल दिवे दिसतात बस. कळतं तेव्हा जवळ आलेलं असतं. मला खोटी फुली चालेल. दहा वेळा लेन बदलायला लावा, बदलतो, पण अकराव्यांदा ती असायला पाहिजे.

आणि बंद पडलेल्या गाडीत बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मागून गाड्या येतायत आणि आपल्याला कुणी बघितलंय का नाही हेच त्याला माहीत नसतं.

आकडेमोड

दोन्ही बाजू वाचल्या, मी सरळरेषा यांच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे.

तीन लेनच्या रस्त्यावर अपघाताने एक लेन अडली की उरते दोन तृतीयांश असं वाटतं ना, प्रत्यक्षात रस्त्याची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येते. दोन लेन अडल्या तर सहाव्या हिश्श्याच्या आसपास राहते. अमेरिकेतल्या हायवेच्या कपॅसिटी मॅन्युअलमध्ये हे आकडे आहेत. म्हणजे गर्दीच्या वेळी तुम्ही संशयावरून एक लेन बंद केलीत की मागे रांग तयार होणारच, आणि रांगेचं शेपूट ही रस्त्यावरची सगळ्यात वाईट जागा आहे. तिथे मागून येणारा धडकतो तो दुसरा अपघात, जो पहिल्यामुळे होतो. तुमच्या केसमध्ये तर पहिला झालेलाच नसेल आणि दुसरा होईल.

बोर्डवर काहीही दाखवलं तर नुकसान काय, असं मानणाऱ्यांसाठी अजून एक. टेक्सासमध्ये महिन्यातला एक आठवडा बोर्डवर यंदा रस्त्यावर किती माणसं मेली तो आकडा दाखवायचे, हेतू चांगलाच होता. २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात त्यावर अभ्यास आला, तो बोर्ड दाखवल्यावर पुढच्या १० किलोमीटरमध्ये अपघात ४.५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. कंट्रोल रूमकडे बटण आहे म्हणून ते दाबलंच पाहिजे असं नाही.

रात्रपाळी

आकडेमोड, निम्म्याचा आकडा बरोबर आहे पण तो खऱ्या अपघाताचा आहे. त्यात बघ्यांचा मोठा वाटा असतो, शेजारच्या लेनमधले लोक स्पीड कमी करून मान वळवतात, पोलिसांच्या गाडीचे दिवे चमकत असतात, काचा पडलेल्या असतात. रिकाम्या लेनवर फुली असेल तर बघायला काय आहे? क्षमता कमी होईल, मान्य, पण एवढी नाही. आणि टेक्सासचं उदाहरण इथे लागूच होत नाही, तो वाचून मनावर घ्यायचा मजकूर होता. फुली वाचावी लागत नाही.

आणि मुख्य म्हणजे मी गर्दीच्या वेळेचं बोलतच नाहीये. गर्दीत लूपच काम करतात. अपघात झाला की मागच्या लूपवर गाड्या साचतात आणि पुढचा लूप मोकळा होतो, या दोघांतला फरक पकडायचं गणित कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकातच बसवलं गेलं आणि आजही बऱ्याच सिस्टीमच्या मुळाशी तेच आहे. पण रात्री दोन वाजता गाडी बंद पडली तर साचायला गाड्याच नसतात, बाकीचे बाजूने निघून जातात, लूपला पत्ताही लागत नाही. स्पीड जास्त, अंधार, आणि सिस्टीम आंधळी, तिन्ही एकाच वेळी. त्या वेळी एक लेन पाच मिनिटं उगाच बंद राहिली तर कुणाचं काय अडणार आहे, क्षमतेचा प्रश्नच येत नाही.

आता डेस्कवर काय होतं ते सांगतो कारण इथे बऱ्याच जणांना खात्री म्हणजे एक क्लिक वाटतंय. पावसाळी रात्र आहे. अलार्म येतो, नकाशावर ठिपका लुकलुकतो, जवळचा कॅमेरा भलतीकडे तोंड करून असतो म्हणून तो फिरवायचा, झूम करायचा, काचेवर थेंब असल्यामुळे प्रत्येक हेडलाइटचा फुगा झालेला असतो. त्यात उभी गाडी शोधायची, आणि पुष्कळदा तिच्या मालकाने दिवे बंद केलेले असतात. ती जाणाऱ्या बाजूला आहे का येणाऱ्या? लेन दोन का तीन? तेवढ्यात फोन येतो, फोन करणारा म्हणतो पुलाच्या अलीकडे, दुसरा म्हणतो पलीकडे, कारण दोघं दोन दिशांनी आलेले असतात. दुसरा कॅमेरा घ्यायचा. हे सगळं होईपर्यंत गॅन्ट्री कोरी असते. माझी तक्रार त्या कोऱ्या गॅन्ट्रीबद्दल आहे.

सरळरेषा

हे वर्णन अगदी खरं आहे, पण त्यातूनच माझा मुद्दा निघतो. कुठली लेन हे तुम्हालाच माहीत नाही म्हणता, मग फुली कुठल्या लेनवर लावणार? चुकीच्या लेनवर लावलीत तर लोकांना बरोबर त्या उभ्या गाडीच्या लेनमध्ये ढकलाल. हे तर काहीच न करण्यापेक्षा वाईट.

मधला रस्ता आहे आणि तो वापरात पण आहे. रडारने उभी गाडी पकडली की जवळच्या बोर्डवर आपोआप पुढे अडथळ्याची खबर आहे असा संदेश लागतो, माणूस मध्ये नाही. फुली मात्र माणसाने बघूनच लावायची. ड्रायव्हर सावध होतो, फुलीची किंमतही राहते.

रात्रपाळी

त्या संदेशाने कुणी लेन बदलत नाही. सावध होतात म्हणजे काय करतात, थोडा वेळ डोळे मोठे करतात आणि त्याच लेनमध्ये राहतात. तुमचा चुकीच्या लेनचा मुद्दा मात्र वजनदार आहे, लेन माहीत नसेल तर फुली लावू नये हे मान्यच. अशा वेळी सगळ्या लेनवर स्पीड खाली आणायचा, ६० करायचा, खात्री होईपर्यंत. रडारने लेन सांगितली असेल तर मात्र थेट फुली.

पंचनामा

सगळे गाडी सापडण्याबद्दल बोलताय, ती बाजूला करण्याबद्दल कुणीच नाही. मी अपघाताच्या तपासाचं काम बघतो. कंट्रोल रूमकडून सारखा फोन, झालं का, लेन कधी उघडणार. माणूस गेलाय तिथे. टायरचे व्रण, काचा कुठे पडल्यात, गाडी कुठल्या कोनात थांबली, हे एकदा पुसलं गेलं की कोर्टात सांगायला काही उरत नाही. त्या माणसाच्या घरच्यांना पुढे वर्षानुवर्षं या कागदांवर लढायचं असतं आणि यांना मिनिटं मोजायची असतात.

मालवाहू

पंचनामा साहेब, तुमचं काम झालंच पाहिजे. पण मागे जी रांग उभी आहे तिच्या शेवटी मी असतो, आणि माझ्या मागून कोण येतोय ते मला माहीत नसतं. जिथे कुणाला लागलेलं नाही, नुसती गाडी उलटलीय, तिथे पण चार-चार तास का लागतात?

आकडेमोड

मालवाहू, बऱ्याच वेळा क्रेनमुळे. पहिली क्रेन छोटी येते, उचलत नाही, मग दुसरी बोलावतात. जॉर्जियाने (अमेरिकेतलं राज्य) २००८ पासून यावर उपाय केला, मोठी गाडी उलटली की ठरलेलं जड सामान आणि ट्रेनिंग घेतलेली माणसं असलेल्या कंपनीलाच बोलवायचं आणि कामाला हिरवा कंदील मिळाल्यापासून ९० मिनिटांत रस्ता मोकळा केला की वर बोनस. पैसे तासावर मिळत असतील तर लवकर संपवण्यात कुणाचा फायदा असतो? मृत्यू झालेला असेल तिथे पंचनामा म्हणतात तसा वेळ द्यायलाच हवा, पण ड्रोनने वरून फोटो काढून मोजमाप केलं तर टेप धरून करण्यापेक्षा खूप लवकर होतं आणि व्रण मोजायचे राहूनही जात नाहीत.

पंचनामा

ड्रोन असेल तर ठीक, मी स्वतः मागून दमलोय. पण पावसात आणि वाऱ्यात तो उडत नाही, आणि तुमचे वाईट अपघात तेव्हाच होतात. रात्रपाळी यांना एवढंच सांगणं की फुली आम्ही रस्त्यावर असेपर्यंत राहू द्या. रांग वाढली म्हणून आमच्या पाठीमागची फुली काढून नुसता स्पीडचा आकडा ठेवलेला मी बघितलाय. कोन लावलेले असले तरी कोन गाडी अडवत नाही.

रात्रपाळी

ते कुठेही झालं असेल तरी चूकच आहे. रस्त्यावर माणूस असताना फुली निघता कामा नये, त्याच्यात रांगेचा हिशोब येतच नाही.

सरळरेषा, तुमच्याशी एका ठिकाणी अजून पटत नाही. लोक खोट्या फुलीला सरावतील म्हणता, ते सरावतात कारण फुली कशासाठी होती ते त्यांना कधी कळतच नाही. पुढच्या बोर्डवर अडथळा हटवला एवढं जरी आलं तरी माणसाला समजतं की आपण लेन बदलली त्याला कारण होतं. डेस्कवरून हे एका संदेशाचं काम आहे, पण फुली निघाली की ऑपरेटर पुढच्या अलार्मकडे वळलेला असतो, कारण तो एकटा असतो.

सरळरेषा

आणि खोटी निघाली तर? तेव्हा पण अडथळा हटवला लिहिणार? जे नव्हतंच ते हटवलं म्हणणं मला नाही पटत. तपासून लेन उघडली असं लिहा, ते निदान खरं असेल. तरीपण रात्री, कमी ट्रॅफिकमध्ये, रडारने लेनसकट सांगितलं असेल तर फुली आधी, एवढ्यापुरतं मी अडवणार नाही. दिवसा मात्र अजिबात नाही, आणि रडारचे खोटे अलार्म दर महिन्याला लोकांसमोर ठेवायचे, ही माझी अट.

मालवाहू

दिवसा पण ठेवा हो. दुपारी जेवण झाल्यावर आमच्यातल्या कितीजणांचे डोळे मिटतात ते तुम्हाला स्क्रीनवर दिसत नाही.