शुगर आणि अल्झायमरचा खरंच संबंध आहे का?

प्रश्न: आईला बरीच वर्षं टाइप २ डायबेटिस आहे, हल्ली तेच तेच परत विचारते, खूप काळजी वाटतेय. शुगरमुळे अल्झायमर होतो का?

उत्तर: होतोच असं नाही पण धोका वाढतो. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम अभ्यासात १९९९ साली डायबेटिस असलेल्यांमध्ये डिमेन्शियाचा (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती कमी होत जाणं, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) धोका जवळपास दुप्पट दिसला होता. इन्सुलिन मोडणारं एन्झाइमच मेंदूतलं अमायलॉइडही (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) साफ करतं, मग इन्सुलिन सतत जास्त राहिलं की ते एन्झाइम तिकडेच गुंततं आणि अमायलॉइड साचतं असं संशोधकांना वाटतं, शिवाय बारीक रक्तवाहिन्या खराब होतात ते वेगळंच.

उत्तर: ताई, मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू आहे का? असेल तर आधी व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या, वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही विसरायला होतं.

उत्तर: आणि शुगर फार खाली जात नाहीये ना तेही बघा प्लीज.