गिअर नॉबवर पाणी सांडलं, गाडी पार्कमधून निघतच नाहीये

रानवाट: काल पोराच्या हातून पाण्याची बाटली थेट सेंटर कन्सोलवर आडवी झाली. गाडी ऑटोमॅटिक आहे, तो गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक नॉब असतो ना, त्याच्या फटीतून बरंच पाणी आत गेलं. लगेच पुसलं, घरी येईपर्यंत काही त्रास नाही. आज सकाळी मात्र पी (पार्क) वरून आर (रिव्हर्स) ला जातच नाही, पी चा दिवा नुसता लुकलुकतोय. हेअर ड्रायर मारून बघू का?

तारवाला: ड्रायर नको आणि परत परत स्टार्टही करू नका प्लीज. या नॉबला गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल नसते, आतले सेन्सर नॉब कुठे आहे ते वायरवरून कंट्रोल युनिटला (गाडीच्या कॉम्प्युटरला) कळवतात आणि ओल शिरून सिग्नल एकमेकांशी जुळेना झाले की युनिट गिअर पडूच देत नाही. ओल्या पिनांमधून करंट चालू राहिला की गंज फार पटकन धरतो, म्हणून आधी हँडब्रेक लावा (इलेक्ट्रॉनिक असेल तर तोही आत्ताच, नंतर लागणार नाही) आणि मग १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह काढा.

मीरा_ड्राइव्हज: साधं पाणी आहे हे नशीब समजा. माझ्याकडे कोल्ड्रिंक सांडलं होतं, दोन-तीन आठवडे सगळं ठीक आणि मग एक दिवस सिग्नलला उभी असताना गिअर आपोआप न्यूट्रल, मागे गाड्यांची रांग, हातपाय गळाले माझे. कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवट थर आणि खाली चिकट साखर. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केलं पण उशीर झालेला, शेवटी नॉबचं पूर्ण युनिट बदललं, कोडिंगही (नवं युनिट गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवणं) करावं लागलं.

तारवाला: कन्सोल स्वतः खोलणार असाल तर पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे, त्याचं युनिट बऱ्याच गाड्यांत तिथेच खाली असतं. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच (पूर्ण गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, पी मध्ये चाकं लॉक असतात, ओढून नेली तर गिअरबॉक्स जाईल.

रानवाट: बॅटरी काढून दोन दिवस कन्सोल उघडा ठेवला. कनेक्टरच्या रबरी सीलमागे अजून थेंब होते, हिरवं काही नाही. आज सगळे गिअर पडले. तरी स्कॅनरला लावून बिघाडाचे कोड बघेपर्यंत पोरांना गाडीत बसवणार नाही.