ग्राफिंग कॅल्क्युलेटर वर्गात वापरून बीजगणित शिकवलंय का कुणी?

फळाखडू:
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी दहावीला बीजगणित घेते. मामेभाऊ अमेरिकेहून आला होता, जाताना लेकीचा जुना टीआय-८४, म्हणजे स्क्रीनवर आलेख काढणारा कॅल्क्युलेटर, मला देऊन गेला, तिचं कॉलेज संपलं म्हणे, आता नुसता धूळ खात पडलाय. दोन चलांतली रेषीय समीकरणं सुरू व्हायचीयत, वाटलं आलेख यावर दाखवूया. पण नग एकच आणि पोरं ४८, त्यात बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "बाई, बटण दाबून उत्तर आलं तर तुम्ही शिकवणार काय?" कुणाला अनुभव?

निवृत्त_गणितवाले:
तुमच्या सरांचं बरोबर आहे. परीक्षेत आलेख कागदावरच काढायचाय, अक्षांची नावं, प्रमाण, बिंदू सगळं हाताने. पोरं चुकतात ती एक्सला −२ ठेवताना, चिन्ह गडबडतं. मशीन ती चूक झाकून टाकतं, मग मार्क जातात तेव्हा कळतं.

जर्सीकर_मास्तर:
सर, आदर ठेवून सांगतो, माझा अनुभव उलटा आहे. मी न्यू जर्सीत आल्जेब्रा शिकवतो, इथे एसएटीला, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला, कॅल्क्युलेटर चालतो, आता तर परीक्षेच्या स्क्रीनवरच डेसमॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर दिलेला असतो. हे यंत्र चूक झाकत नाही हो, चव्हाट्यावर आणतं! २एक्स + ३वाय = १२ घ्या. टीआयला वाय = असंच लागतं, म्हणजे आधी पोराला वाय वेगळा करावाच लागतो. मग (१२ − २एक्स) ÷ ३ टाकताना निम्मी पोरं कंस विसरतात आणि रेघ वरच्या उजव्या कोपऱ्यातच कुठेतरी उगवते, कारण तिने आता वाय-अक्ष ४ ऐवजी १२ला छेदलाय आणि स्क्रीन १०वरच संपते. "एक्स शून्य ठेव, वाय किती?" एवढंच विचारायचं, पोरगं स्वतःच कपाळावर हात मारतं.

दुसरी गंमत वर्गसमीकरणाला. एक्सचा वर्ग − २०एक्स + ७५ टाका आणि झूम ६ दाबा, म्हणजे दोन्ही अक्ष −१० ते १०. जवळजवळ सरळ, खाली घसरणारी एक रेघ दिसते, ५ला अक्ष छेदते, संपलं. पोरं खुशाल सांगतात, मूळ एकच! मग अवयव पाडायला लावायचे, ५ आणि १५. आता १५ कुठे गेला? तो खिडकीच्या बाहेर. त्या दिवशी कळतं की स्क्रीन म्हणजे अख्खा आलेख नव्हे, आणि अवयव पाडायचे कशासाठी तेही.

आणि हो, स्क्रीन आडवी लांबट असल्याने लंब रेषा लंब दिसत नाहीत, झूम ५ दाबा. वजाबाकीचं आणि ऋण चिन्हाचं बटण वेगळं आहे, एरर आला की आधी तिथे बघा.

कोकणातला_मास्तर:
एका नगासाठी जीव कशाला काढता ताई, फोनवर जिओजेब्रा हे आलेख काढायचं ॲप टाका, फुकट आहे, एकदा उतरवलं की नेट नसलं तरी चालतं. प्रोजेक्टर असेल तर फोन त्याला जोडा, वाय = एमएक्स + सी लिहा आणि एमचा स्लायडर सरकवा. चढ म्हणजे काय हे मी फळ्यावर चार आलेख काढून समजावायचो, तोवर तास संपायचा. फक्त आमच्याकडे लाईट जाते तेव्हा परत खडूच 😄

फळाखडू:
सगळ्यांचे आभार. मी असं केलं: आधी सगळ्यांनी कागदावर आलेख काढायचा, छेदनबिंदू वहीत लिहायचा, मग प्रत्येक बाकावरून एकाने येऊन टीआयवर ताडून बघायचं. एक्स + वाय = ५ आणि २एक्स − वाय = ४ दिलं होतं. बहुतेकांचं (३, २) आलं. एका पोरीचं (३, −२) आलं, ती म्हणाली मशीन बिघडलंय, आणि मग गुपचूप जागेवर जाऊन स्वतःच चिन्ह शोधत बसली, मी काहीही न सांगता.

निवृत्त_गणितवाले:
हे चालेल. आधी वही, मग मशीन. त्या कंसाच्या उदाहरणाचं मात्र पटलं बरं का जर्सीकर, आमच्या वेळी तो कंस शिकवायला मला छडी लागायची. प्रमाण लिहायला लावता ना बाई?

फळाखडू:
लावते सर 🙏 तरी सातजण विसरलेच.