सल्ला हवा आहे: सहा महिन्यांच्या स्वयंसेवी उपक्रमाची आखणी कशी करावी?

नवी_पालवी

सर्व जाणकारांना नमस्कार. आम्ही १६ ते २२ या वयोगटातील अकरा जण मिळून आमच्या वस्तीत काही काम करू इच्छितो आणि त्यासाठी आमच्या हाती साधारण सहा महिने आहेत. गेल्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने ६० रोपे लावली होती. त्या दिवशी पाहुणे आले, छायाचित्रे निघाली, सगळ्यांनी कौतुक केले. कोरडा ऋतू सरल्यावर मी वही घेऊन एकेका खड्ड्यापाशी गेले आणि मोजणी केली, तेव्हा ९ रोपे जिवंत सापडली. काही ठिकाणी तर आधाराची काठी तेवढी उभी होती. तेव्हापासून नुसता एका दिवसाचा कार्यक्रम करण्याची इच्छा आमच्यापैकी कुणालाच उरलेली नाही.

सध्या तीन कल्पना समोर आहेत: वस्तीची स्वच्छता आणि कचऱ्याचे वर्गीकरण, पुन्हा एकदा पण नीट केलेली वृक्षलागवड, आणि लहान मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग. मत घेतले तेव्हा चार, चार आणि तीन अशी विभागणी झाली, त्यामुळे निर्णय तिथेच अडला आहे. शिवाय आम्हाला मार्गदर्शन करणारे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, ज्यांच्याविषयी आम्हाला खरोखर आदर आहे. पण विषय, तारीख आणि पाहुणे हे सगळे तेच ठरवतात आणि आमच्या वाट्याला खुर्च्या मांडण्याचे काम येते. निवड कशी करावी, वस्तीतील लोकांना कसे सोबत घ्यावे आणि ज्येष्ठांशी हे कसे बोलावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा, ही विनंती.

जुनी_वही

नवी_पालवी, लावलेली रोपे मोजायला बहुतेक गट परत जातच नाहीत. तुम्ही गेलात आणि आकडा लपवला नाहीत, म्हणून तुमच्या आखणीची निम्मी तयारी झाली आहे, असे मी समजते.

माझा पहिला सल्ला असा की, तिन्हींपैकी एकही कल्पना आज निवडू नका. चार, चार आणि तीन ही मते तुम्हा अकरा जणांची आहेत. वस्तीचे मत त्यात अजून आलेलेच नाही. पहिले दोन आठवडे केवळ फिरण्यासाठी आणि ऐकण्यासाठी राखून ठेवा. सकाळी लवकर, भर दुपारी आणि अंधार पडल्यावर अशा तीन वेगवेगळ्या वेळी वस्तीतून फेरी मारा, कारण एकाच गल्लीची अडचण वेळेनुसार बदलते. त्यानंतर मोकळ्या जागेत जमिनीवर खडूने वस्तीचा नकाशा काढा आणि खडे, पाने, काटक्या वापरून लोकांनाच खुणा मांडू द्या. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी १९९१ मध्ये टांझानियात १२ विद्यार्थ्यांसोबत सुरू केलेल्या 'रूट्स अँड शूट्स' या युवा चळवळीतही उपक्रम ठरवण्याआधी परिसराचा नकाशा करण्यावर भर असतो. ग्रामविकासाच्या क्षेत्रात ज्याला पीआरए म्हणतात, त्या लोकसहभागी पाहणीच्या पद्धतीत नकाशा काढणारी काठी पाहुण्याने गावकऱ्याच्या हाती द्यावी, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते रॉबर्ट चेंबर्स आग्रहाने सांगत आले.

हे मला पुस्तकातून पटले नव्हते. एका वस्तीत आमची मुले असाच नकाशा काढत होती आणि त्यांनी सार्वजनिक नळाची खूण म्हणून एक गुळगुळीत खडा ठेवला. बाजूला बसून हे सारे पाहणाऱ्या एका आजी उठल्या, वाकून तो खडा उचलला आणि चांगला दोन हात अलीकडे, उताराच्या टोकाला नेऊन ठेवला. मुलांनी म्हटले, "आजी, नळ तर वर आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "नळ वर आहे रे, पण पाणी इथे येतं." वरच्या नळाला दाब नव्हता, म्हणून बायका खालच्या गळक्या जोडावर भांडी लावून पाणी भरत होत्या. आम्ही जलजागृतीची पथनाट्ये बसवायला निघालो होतो. त्या एका खड्याने आमचा सगळा बेत बदलला आणि पुढचे दोन महिने आम्ही त्या जोडाच्या दुरुस्तीच्या मागे लागलो.

लोकांना "तुम्हाला काय हवे आहे?" असे थेट विचारू नका, कारण त्याचे उत्तर मागण्यांच्या यादीच्या रूपाने येते आणि ती यादी पुरी करणे तुमच्या आवाक्यात नसते. "कालच्या दिवसात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?" किंवा "हे असे कधीपासून आहे आणि यापूर्वी कुणी काय करून पाहिले?" असे विचारा. या दुसऱ्या प्रश्नातून जुने फसलेले प्रयत्न कळतात आणि तेच आखणीला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

ओल_धरून

जुनी_वही यांच्याशी सहमत आहे. वृक्षलागवडीपुरते थोडे लिहितो, कारण ६० पैकी ९ हा आकडा मला फार ओळखीचा वाटला.

रोप लावणे हे एका सकाळचे काम आहे आणि ते जगवणे हे निदान दोन-तीन कोरड्या ऋतूंचे. तुमच्या हाती सहा महिने असतील, तर सातव्या महिन्यापासून पाणी कोण घालणार, त्याचे नाव खड्डा खणण्याआधी वहीत लिहिलेले असले पाहिजे. ते नाव मिळत नसेल, तर तो खड्डा खणू नये. वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये केनियात ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, पुढे २००४ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, हे सर्वांना माहीत असते. त्या चळवळीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे: रोपवाटिका गावातील स्त्रियांच्या हाती होत्या आणि अल्पसे मानधन मिळत होते ते जगलेल्या रोपांसाठी. मोजणी जगलेल्या झाडांची ठेवली की जागा निवडण्यापासून कुंपण घालण्यापर्यंत सगळे निर्णय आपोआप बदलतात.

तुमची ती ९ रोपे कुठे आहेत, हे नकाशावर दाखवाल का? ती कुणाच्या दाराजवळ किंवा सांडपाण्याच्या वाटेवर असतील, असा माझा कयास आहे.

नवी_पालवी

ओल_धरून, आजच जाऊन पाहून आले. ९ पैकी ७ रोपे घरांच्या दारांपासून दहा-बारा पावलांच्या आत आहेत, आणि त्यांतील दोन रोपांना भांडी घासल्याचे पाणी रोज मिळते. हे आमच्या लक्षातच आले नव्हते.

मोजपट्टी

स्वच्छतेच्या कल्पनेविषयी लिहितो. नुसती साफसफाई केलेली जागा काही दिवसांत पूर्ववत होते आणि मग स्वयंसेवकच खचतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून उचलण्याआधी मोजा. मोठे ताडपत्रीचे कापड पसरून त्यावर एका दिवसाचा कचरा ओता, ओला, कागद, प्लास्टिक, काच, कापड आणि घातक असे ढीग करा, प्रत्येक ढिगाचे वजन करून नोंदवा आणि हे सलग सात दिवस करा, कारण कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस यांत फरक पडतो. १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या समुद्रकिनारा स्वच्छता मोहिमेचे वेगळेपण हेच होते की, स्वयंसेवकांनी उचललेली प्रत्येक वस्तू नोंदपत्रकावर लिहिली. सिगारेटची थोटके ही वर्षानुवर्षे संख्येने सर्वांत जास्त सापडणारी वस्तू होती, हे या नोंदींमुळेच ठामपणे सांगता आले. "कचरा फार आहे" असे म्हणणाऱ्या गटाला कार्यालयात कुणी बसायला सांगत नाही. सात दिवसांचा तक्ता पुढे ठेवणाऱ्या गटाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड करू नका. जाड हातमोजे, बंद बूट आणि लांब चिमटा यांशिवाय कुणीही कचऱ्याला हात लावू नये. सुई किंवा सिरिंज दिसली तर ती हाताने उचलू नये. चिमट्याने उचलून जाड, झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि तो डबा आरोग्य केंद्रात सोपवावा. आमच्या एका मोहिमेत एका मुलाने पिशवी पायाने दाबली आणि आतल्या काचेने त्याचे पाऊल चिरले. चूक आमची होती, कारण सूचना देताना मी घाई केली होती. तेव्हापासून पहिली वीस मिनिटे फक्त सूचनांसाठी ठेवतो.

सांजवात

अभ्यासवर्गाला मत देणाऱ्या मंडळींना मी कळकळीने एक विचारते: सहा महिन्यांनंतर त्या मुलांचे काय? मूल एकदा ताई-दादांना ओळखू लागले की ते रोज दाराकडे बघत बसते, आणि परीक्षा जवळ आल्यावर शिकवणारेच येईनासे झाले तर ते काही विचारत नाही, फक्त यायचे थांबते. आठवड्यातून दोनच दिवस ठरवा, पण ते चुकवू नका. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे करू नका. प्रत्येकाला शेजारी बसवून एक सोपा परिच्छेद वाचायला द्या आणि कोण अक्षरांपाशी अडते, कोण शब्दांपाशी, हे पाहून गट करा. एका वेळी किमान दोन मोठी माणसे हजर असावीत, कुणीही एकट्याने मुलासोबत बंद खोलीत बसू नये, आणि पालकांच्या लेखी संमतीवाचून मुलांची छायाचित्रे कुठेही टाकू नयेत.

नवी_पालवी

सर्वांचे आभार. गटात हे सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. फिरण्याचे दोन आठवडे आम्ही पक्के केले आहेत. ज्येष्ठांशी बोलण्याचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. त्यांना दुखवायचे नाही आणि त्यांच्या ओळखींशिवाय आमचे अडेल, हेही खरे आहे.

जुनी_वही

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आहे. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणे, शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलावणे यांना, ते सहभाग मानतच नाहीत. तुमच्या खुर्च्या तिथे कुठेतरी मांडल्या जात आहेत. पण सर्वांत वरची पायरी कोणती, हे अवश्य लक्षात घ्या: मुलांनी स्वतंत्रपणे सगळे चालवणे ही सातवी पायरी आहे, आणि मुलांनी पुढाकार घेऊन मोठ्यांसोबत निर्णय वाटून घेणे ही आठवी.

म्हणून त्यांना दूर करू नका, त्यांना नेमके काम द्या. नकाशा आणि नोंदी घेऊन दोघे-तिघे त्यांच्या घरी जा, बैठकीत सर्वांसमोर हा विषय काढू नका. "आम्ही हे पाहिले, यावरून असे ठरवत आहोत, पण कार्यालयातील भेट आणि वस्तीतील वाद मिटवणे आम्हाला जमणार नाही, ते तुम्ही सांभाळाल का?" असे विचारा. बैठकीचे अध्यक्षपद दर वेळी तुमच्यापैकी एकाकडे ठेवा आणि कार्यक्रमपत्रिका आदल्या दिवशी त्यांना पाठवा. एवढे केल्यावर ते ऐकतील, असे मला वाटते. बऱ्याच ज्येष्ठांना तयार नोंदी घेऊन येणारी मुले यापूर्वी कधी भेटलेलीच नसतात.

हिशेब_चोख

थोडक्यात लिहितो. पैसे एकाकडे आणि हिशेबाची वही दुसऱ्याकडे ठेवा, खर्च त्याच संध्याकाळी लिहा, आणि महिन्यातून एकदा तो कागद वस्तीत सर्वांना दिसेल अशा जागी लावा. अकरा जणांच्या परीक्षांच्या तारखा एका तक्त्यावर मांडा. ज्या आठवड्यात निम्म्याहून अधिक जण अडकलेले असतील, तो आठवडा आजच कोरा सोडा.

नवी_पालवी

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. नकाशावर सर्वाधिक खडे एकाच कोपऱ्यात पडले, जिथे कचऱ्याचा ढीग साचतो. आम्ही समजत होतो की लोकांना शिस्त नाही. तीन वेगवेगळ्या वेळी फेरी मारल्यावर कळले की, कचरा नेणारी गाडी सकाळी येते तेव्हा त्या गल्लीतील बहुतेक घरे कुलूपबंद असतात, कारण दोन्ही मोठी माणसे त्याआधीच कामावर गेलेली असतात. सात दिवसांच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग ओल्या कचऱ्याचा निघाला.

त्यामुळे आम्ही दोनच कामे घेतली आहेत: गाडीची वेळ बदलून मिळावी यासाठी तक्त्यासह अर्ज, ज्याची भेट ज्येष्ठांनी स्वतःहून ठरवली, आणि ओल्या कचऱ्यासाठी एक सामायिक खतपेटी, जिची किल्ली त्या गल्लीतील दोन मावशींनी मागून घेतली. खत तयार झाले की ते त्या ७ रोपांना घालायचे आहे. अभ्यासवर्ग तूर्त सुरू न करण्याचा निर्णय जड गेला, पण सहा महिन्यांनंतर तो कोण चालवणार, ते नाव आमच्याकडे नव्हते.

एक अडचण मात्र आताच आली आहे. खतपेटी सुरू करून आठच दिवस झाले आणि तिला उग्र वास येतो. शेजारची घरे नाराज होण्याआधी काय करावे?

मोजपट्टी

वास येतो म्हणजे आत हवा खेळत नाही आणि ओल जास्त झाली आहे. आज संध्याकाळीच सगळे वरखाली करून घ्या आणि दर वेळी एक भाग ओल्या कचऱ्यावर दोन ते तीन भाग सुकी पाने किंवा फाडलेला पुठ्ठा घाला. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असे राखायचे असते, ते याने जवळपास साधते. मूठभर मिश्रण दाबून पाहा. बोटांतून पाणी ठिबकले तर सुके आणखी हवे, हात नुसता ओलसर झाला तर ठीक आहे. सुक्या पानांचे पोते पेटीशेजारीच ठेवा आणि ही मूठ दाबण्याची खूण दोन्ही मावशींना प्रत्यक्ष करून दाखवा. आठवड्याने पेटीच्या मधोमध हात धरून पाहा, ऊब जाणवली की मला इथे कळवा.