मदत हवी आहे: साडेतीन वर्षांच्या लेकाचं हर्नियाचं ऑपरेशन

पुढच्या आठवड्यात नागपूरला धंतोलीत आमच्या लेकाचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. खोकलला, रडला की लिंबाएवढा फुगवटा वर येतो, निजला की आत जातो. बेंबीचा हर्निया बहुतेकदा वाढत्या वयात आपोआप बरा होतो, जांघेतला होत नाही आणि आतडं अडकायची भीती असते, म्हणून थांबू नका असं सर्जन म्हणाले. ते पटलंय. संध्याकाळपर्यंत घरी सोडतील.

जीव टांगणीला लागलाय तो उपाशी ठेवण्यापायी. भुलीआधी सहा तास दूध-खाणं बंद, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. याला डोळे उघडले की दूध लागतं, नाहीतर घर डोक्यावर घेतो. अन् रडला की पुन्हा फुगवटा!

ज्यांच्या लेकरांचं झालंय त्यांनी सांगा ना: सकाळचा पहिला नंबर मागितला तर देतात का? भूल चढेपर्यंत आईला आत थांबू देतात का? शुद्धीवर येताना लेकरू फार रडतं का? आणि त्याला आधी काय सांगू? सासूबाई म्हणतात, 'फुटाळा तलावावर फिरायला चाललो म्हण.' मला त्याच्याशी खोटं बोलायचं नाही.